जोडमायची सीध

भूमिपूजनाचा मुहूर्त बारा वाजताचा होता आणि बुधराम मारबते सकाळी आठलाच धुतलेलं धोतर नेसून अंगणातल्या खाटेवर येऊन बसला होता. एरवी घरच्या लग्नालासुद्धा त्याला तीन हाका माराव्या लागत. आज हाक मारायच्या आधीच फेटा बांधून तयार. शकुनने चहा नेऊन दिला तेव्हा त्याने सुनेला दोनदा विचारलं, सुखराम आला का. धाकट्या भावाचं नाव सासऱ्याच्या तोंडून इतक्या गोडीने निघालेलं तिने चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं.

आज ते निघालं, कारण काल संध्याकाळी सुखरामने गल्लीपलीकडून निरोप पाठवला होता. जोडमाय कुठे आहे याबद्दल दादा म्हणतो तेच खरं, उद्या साहेबांसमोर मीही तसंच सांगतो. निरोप ऐकून बुधराम रात्री एक भाकर जास्त जेवला.

सालेघाटला बोदली नदी वैनगंगेला येऊन मिळते, त्या जागेला गाव जोड म्हणतं. तिथे पाण्यात म्हशीएवढा काळा दगड आहे, ती जोडमाय. धरणाचं पाणी चढण्याआधी ती दर उन्हाळ्यात उघडी पडायची. तिच्या पाठीवर एक खोल खळगा होता. मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या बाया त्यात हळद भरायच्या आणि त्या वळल्या की पोरंसोरं त्याच खळग्यात बसून पाणी उडवायची. मग धरण भरलं. पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळत वर आलं, काठच बदलला आणि माय अडीच पुरुष पाण्याखाली गेली.

त्या पहिल्याच साली मायेला दरवर्षीचा नारळ फोडायला डोंगे निघाले आणि भावाभावांचं फाटलं. बुधरामने बापाने शिकवलेली सीध धरली. पाण्यातली जागा अशीच ओळखायची असते. एका हाताला मारुतीच्या मंदिराचा कळस, दुसऱ्या हाताला पलीकडच्या काठावरची सावर, आणि मधे डोंगा सुतात. काठापासून किती आत, ते घाटावरची चिंच आणि खालच्या वळणावरची टेकडी सांगते. चारही खुणा जुळल्या तिथे बुधराम थांबला आणि माय इथे म्हणाला. सुखरामने पाण्यात हात बुडवला आणि म्हणाला की इथे बोदलीचं थंड पाणी हाताला लागत नाही, माय खाली राहिली, जोडाच्या तोंडाशी. थोरला म्हणाला, हाताने माय सापडत असती तर बापाने सीध कशाला शिकवली असती. शब्दाने शब्द वाढला आणि दुसऱ्या साली सुखरामचा डोंगा नारळाला आलाच नाही.

खाली बांबू सोडून पाहिला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण तेच तर करायचं नव्हतं. मायेच्या जागी बांबू टेकवायचा नाही, पाय लावायचा नाही, तिथे डोंगा फक्त वल्ह्याने न्यायचा, ही ढीवरांची जुनी रीत. त्यावर बुधरामने स्वतःची एक पाचर मारून ठेवली होती की माय आता निजली आहे, बुडी मारूनही तिला कोणी चाचपायचं नाही. त्यामुळे चौदा वर्षं एक भाऊ नारळ फोडत राहिला, दुसरा काठावर बसून विडी ओढत राहिला, आणि खरं काय ते फक्त माशांना ठाऊक होतं.

आता सरकारी योजनेतून पर्यटकांच्या बोटींसाठी जोडाच्या तोंडाशीच धक्का होणार होता. कामावरच्या संघपाल साहेबाने आधी ढीवर समाजाला विचारलं होतं, पाण्यात तुमचं काही देवाधर्माचं आहे का. बुधरामने छातीठोक सही करून दिली होती, की आमची माय तिथून साठ पावलं वर आहे, धक्क्याचा तिला काही त्रास नाही. सुखराम हरकत घेणार असं साऱ्या गावाने धरलं होतं. पण सुखरामचा पोरगा भूपेश बोट चालवायचं शिक्षण घेऊन आला होता, धक्का झाला की पहिली बोट त्यालाच मिळणार होती, आणि त्याच्याशी लग्न ठरत आलेल्या नीतूच्या घरचेही त्या बोटीसाठीच थांबले होते. पोराच्या भाकरीपुढे चौदा वर्षांचा पीळ सुटला, यात शकुनला नवल वाटलं नाही. थोडं वाईट मात्र वाटलं, कारण सुखराम भांडखोर असला तरी खोटं बोलणारा माणूस नव्हता.

दहाच्या सुमाराला अंगण भरलं. सिहोऱ्याहून बुधरामची बहीण सत्यभामाबाई कालच आली होती. तिने दोन्ही भावांना हाताला धरून एकाच खाटेवर बसवलं आणि मग डोळे पुसायला आत गेली. शकुनचा नवरा खेमराज अड्याळला पेढे आणायला गेला होता. भूपेश नव्या शर्टात अवघडून उभा होता. संघपाल आला, त्याच्या हातात कागदांची फाईल होती, आणि मागे घाटावर गोटे भरलेले पाच टिप्पर रांगेने उभे असल्याचं त्याने सांगितलं. पूजा झाली की लगेच गोटे पाण्यात पडतील, संध्याकाळपर्यंत भराव वर दिसायला लागेल, असा त्याचा हिशेब होता.

धक्क्याजवळ गावाच्या इतिहासाचा एक फलक लागणार होता आणि त्याचा मजकूर लिहायचं काम शकुनच्या लेकीकडे, खुशबूकडे आलं होतं. पोरगी पवनीला कॉलेजात शिकत होती. तिने महिनाभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना पिडून वही भरली होती. सगळ्यांसमोर एकदा वाचून दाखव, बुधराम आबाजींची मान्यता घे, असं संघपाल म्हणाला.

खुशबूने खणखणीत आवाजात वाचलं. तांदळाची पोती घेऊन डोंगे जिथे लागायचे तो घाट. ज्याच्याखाली उतारूंचा बाजार भरायचा ती चिंच. इंग्रजांच्या वेळचा, पाणी मोजायचा दगडी खांब, ज्याचा आता फक्त माथा दिसतो. मग मारुतीचं मंदिर आलं. जुनं मंदिर मोठ्या पुरात पडलं. त्याचा ओटा हापशीजवळ अजून आहे. नवीन मंदिर श्री. बुधराम मारबते यांच्या पुढाकाराने वरच्या अंगाला उंच जागी बांधण्यात आलं. नाव आलं तसा बुधरामने फेटा सावरला. शेवटी जोडमाय, आणि तिची सीध, मंदिराचा कळस व पलीकडची सावर.

"बरोबर?" संघपालने विचारलं.

"दादा बरोबर हाये," सुखराम खाली पाहत म्हणाला. "मीच चुकलो होतो."

"चौदा वर्सं लागले तुले हे समजाले," बुधराम म्हणाला आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. सुखराम हसला नाही.

शकुन दारात ताट घेऊन उभी होती. तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं आणि तिथेच अडकून राहिलं. ती लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या साली नवीन मंदिर उभं राहिलं होतं. विटा वाहणाऱ्या बायांच्या रांगेत तीही होती. हापशीजवळच्या जुन्या ओट्यापासून नव्या पायापर्यंत टोपली डोक्यावर घेऊन किती चालावं लागे, ते तिच्या मानेला अजून आठवत होतं. मंदिर चांगलं शंभर पावलं वर सरकलं होतं. मंदिर सरकलं, म्हणजे कळस सरकला. कळस सरकला, म्हणजे सीध सरकली. आणि माय काही मंदिराच्या मागे मागे चालत गेली नसणार.

ती आत आली. सत्यभामाबाई पुऱ्या लाटत होती.

"आत्याबाई, जुन्या मंदिराचा कळस कुठी होता, याद हाये का?"

"ओट्यावर. हापशीजवर. काहून?"

शकुनने सांगितलं. म्हातारीचं लाटणं थांबलं. तिला समजायला वेळ लागला नाही, पण समजलेलं मान्य करायला लागला. मग तिने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सुनेची समजूत घालायला सुरुवात केली. भाऊ भाऊ आज एका खाटेवर बसले आहेत. बुधरामची सत्तरी उलटली, चार लोकांत त्याची मान खाली घालायची का. भूपेशचं लग्न व्हायचं आहे. दगड काय, आज ना उद्या सांगता येईल.

"उद्या थो गोट्याखाली राहीन," शकुन म्हणाली.

सत्यभामाबाईने लाटणं पुन्हा उचललं. शकुन चुलीपाशी क्षणभर उभी राहिली. आईविना वाढलेला भूपेश तिच्याच हातचं जेवून मोठा झाला होता, त्याच्या तोंडचा घास तीच काढणार होती. सासरा तर तिला बापाच्या जागी. खेमराजचा धंदा बुडाला त्या साली याच माणसाने तिच्या माहेरच्यांसमोर तिची बाजू घेतली होती. तिला रडू आलं, पण मनात शंका उरली नव्हती. आज ती गप्प बसली असती, तर पुढे रोज संध्याकाळी त्या धक्क्याकडे पाहून तिला घास गिळावा लागला असता. तिने पदराने तोंड पुसलं आणि बाहेर आली.

"मामाजी, एक इचारू?"

बुधराम खुशीत होता. "इचार."

"सीध तुमाले कोनं शिकोली?"

"बाबानं. दुसरं कोन शिकोवन?"

"बाबाजी कोन्या साली गेले?"

"पुराच्या आदल्या साली. काहून?"

"मंग तुमी आता ज्या कळसावरून सीध धरता," शकुन म्हणाली, "थो कळस बाबाजीनं पायला होता का?"

खुशबूने वही उघडून मंदिराची ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात, आणि तिचा हात तोंडाशी गेला. पोरीने दोन्ही गोष्टी आपल्या हाताने, एकाखाली एक लिहिल्या होत्या.

पहिला सुखराम उठला. तो तावातावाने म्हणाला की बायांच्या बोलण्यावरून असं काम थांबत नसतं, मुहूर्त जवळ आला आहे, ज्या माणसाने मंदिर बांधलं त्यालाच मंदिर कुठे आहे ते शिकवायला निघालात का. तो असा बोलत सुटला की खुद्द भूपेशने त्याला बाबा, बसा म्हटलं.

बुधराम भावाकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा आधी लाल झाला होता, तो हळूहळू उतरला.

"तू काहून गरम होतेस?" त्याने विचारलं. "चौदा वर्सं तू जे बोलत होता, तेच त बोलून राहिली थे."

सुखराम खाटेच्या कडेला टेकला.

दुसऱ्या कोणाचा सासरा असता तर पाय आपटून घरात गेला असता, आणि तासाभराने गोटे पडले असते. बुधरामच्या अंगात हेकटपणा भरपूर होता, पण पाण्याशी त्याने कधी हेकटपणा केला नव्हता. साठ वर्षं डोंगा हाकून तेवढी अक्कल कोणालाही येते. तो उठला, फेटा काढून खाटेवर ठेवला आणि संघपालला म्हणाला की एक घंटा टिप्पर तसेच ठेवा. मग बहिणीकडे वळून तिला जुन्या ओट्यावर जायला सांगितलं. जाताना घरातला सगळ्यात लांब बांबू न्यायचा, त्याच्या टोकाला लाल लुगडं बांधायचं आणि कळस जिथे होता तिथे तो उभा धरायचा. सत्यभामाबाई मघाशी शकुनला गप्प बसवत होती, पण भावाचा शब्द ऐकताच खुशबूला घेऊन, पिठाच्या हातांनी, सगळ्यांच्या आधी निघाली.

"भूपेश, शर्ट काढ," बुधराम म्हणाला. "तू बुडी मारजो."

"मोठेबाबा, तुमीच त म्हनता का चाचपाचं नाही."

"थे मीच ठरोलं होतं. आता मीच मोडतो. मायले लेकराचा हात लागला त का होते."

डोंग्यात चौघे बसले. शकुनला काठावरच थांबायचं होतं, पण सासरा म्हणाला, तूच काढली ही गोष्ट, तर तूच डोळ्याने पाहा. सुखराम न बोलावता येऊन पुढच्या टोकाला बसला. त्याला कोणी हटकलं नाही.

आधी माझी जागा, असं बुधरामने ठासून सांगितलं. त्याच्या मनात अजून आशा होती, ती शकुनला त्याच्या मानेच्या ताठपणात दिसत होती. नवा कळस आणि सावर जुळले, चिंच आणि टेकडी जुळली, डोंगा थांबला. इथे किती नारळ फोडले होते त्याने. खुशबू दहावी पास झाली तेव्हाचा एक, शकुनच्या सासूच्या, गिरजाबाईच्या दुखण्यात बोललेला एक, ती गेल्यावर तिच्या नावाने सोडलेला एक. भूपेशने बुडी घेतली आणि मूठभर काहीतरी घेऊन वर आला. मूठ उघडली तर रेती. बुधरामने त्याला डावीकडे पाठवलं, मग उजवीकडे, मग काठाच्या बाजूला, मग पुढे. पोरगा दमून डोंग्याची कड धरून लोंबकळला.

"सपाट हाये, मोठेबाबा. नुसती रेती. गोटा नाही, लाकूड नाही, काहीच नाही."

बुधरामने मंदिराकडे पाहिलं. तो कळस त्याने स्वतः शिडीवर चढून बसवला होता, आणि खाली उतरून गावजेवण घातलं होतं. शकुनला वाटलं आपण बोलायला नको होतं, आणि त्याच वेळी वाटलं की बोललो ते बरं झालं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात एकाच वेळी राहू शकतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

"खाली घे," म्हातारा अखेर म्हणाला.

डोंगा खाली सरकला. काठावर हापशीजवळ लाल लुगडं फडफडत होतं आणि सत्यभामाबाई दोन्ही हातांनी बांबू कवटाळून उभी होती. लुगडं आणि सावर एका सुतात यायला अजून दोन डोंग्यांचं अंतर असेल, तेवढ्यात सुखरामचा हात आपोआप पाण्यात गेला. शकुनने ते पाहिलं. बुधरामनेही पाहिलं. हात बुडाल्यावर सुखरामने डोळे मिटून घेतले, आणि लुगडं सावरीशी जुळलं तेव्हा थांब असं बुधरामच्या आधी त्याच्याच तोंडातून निघून गेलं.

तिथून काठावरचे टिप्पर स्पष्ट दिसत होते. पहिल्या टिप्परचा ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्याकडेच बघत होता. धक्क्यासाठी चुन्याने आखलेली रेघ त्यांच्या अगदी समोर पाण्यात उतरत होती.

भूपेशने श्वास भरला आणि खाली गेला.

तो लवकर वर आला नाही. पाण्यावर बुडबुडे आले आणि बोदलीच्या ओढीने खाली वाहून गेले. शकुनने मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. मग पोरगा वर आला, तोंडातलं पाणी थुंकलं, डोंग्याची कड धरली आणि पहिल्यांदा बापाकडे पाहिलं. सुखराम त्याच्याकडेच पाहत होता. रेती आहे एवढं तो म्हणाला असता तर खाली जाऊन तपासणारं दुसरं कोणी नव्हतं. बोट त्याची होती, नीतू त्याची होती. शकुनने त्याला लहानाचं मोठं केलं होतं, तरी त्या घटकेला तो काय बोलेल हे तिलाही सांगता आलं नसतं.

"हाये," भूपेश म्हणाला. "खळगा लागला हाताले. मी बसत होतो थोच."

बुधरामने हात जोडले. त्याचे ओठ हलत होते, पण काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही. डोंगा प्रवाहाने वळायला लागला तेव्हा शकुननेच वल्हं हातात घेतलं आणि तो जागेवर धरून ठेवला.

मग बुधराम भावाकडे वळला. "तुले मालूम होतं."

"पयल्या दिवसापासून."

"मंग काल निरोप काहून पाठोला?"

सुखरामने पोराकडे बोट दाखवलं. तेवढंच. त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने तो उपरण्यात झाकला. भूपेश अजून पाण्यातच होता. त्याने हात लांबवून बापाचं पाऊल धरलं आणि सोडलं नाही.

"मी चुकलो, पन खोटं नाही बोललो," बुधराम म्हणाला. "तू बरोबर होता, आन खोटं बोलला. झाली फिट्टमफाट. चाल, साहेब थांबले हायेत."

काठावर संघपाल वाट पाहत होता. माणूस भला होता, पण अडचणीत सापडला होता. बुधरामने जे सांगायचं ते कोणाच्या आडून सांगितलं नाही. माय इथे आहे, चुन्याच्या रेघेखाली, आणि माझी सही चुकीची आहे. संघपालने कपाळाला हात लावला. तो म्हणाला की इथे गोटे टाकणार नाही, ते तर झालंच, पण धक्का दुसरीकडे न्यायचा तर तिथला तळ मोकळा असल्याची खात्री लागते. पुन्हा मशीन मागवा, पुन्हा पाहणी, तीन महिने सहज जातील. तोवर मार्च उलटेल आणि निधी परत जाईल. धक्का गेला असंच समजा. ऐकून भूपेशने ओला शर्ट पिळायला घेतला, आणि पिळून झाला तरी पिळतच राहिला.

शकुनला त्याच्याकडे पाहवेना. तिने तोंड फिरवलं तर सासरा हसत होता. आधी तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिने नीट पाहिलं. तो फेट्यासाठी हात पुढे करत होता, आणि खुशबू धावत जाऊन तो घेऊन आली.

"साहेब," फेटा बांधता बांधता बुधराम म्हणाला, "वरच्या आंगाले साठ पावलं जा. पानी खोल हाये, काठ पक्का हाये. खाली गोटा नाही, लाकूड नाही. पोरगा आताच पाच डाव जाऊन आला."

संघपाल म्हणाला, ते ठीक, पण पाच बुड्यांवर एवढं मोठं काम कसं हलवायचं. उद्या खाली काही निघालं तर. तुम्ही इतक्या खात्रीने सांगता ते कशावरून.

"चौदा वर्सं म्या तठी माय हाये म्हनून नारळ फोडले, साहेब," बुधराम म्हणाला. "तठी काहीच नाही, हे माह्यापेक्षा पक्कं कोनाले मालूम?"

टिप्परचा ड्रायव्हर आधी हसला. मग सत्यभामाबाई हसली, लुगड्याचा बांबू अजून हातात धरून, आणि मग संघपालही. त्याने तिथल्या तिथे दोन फोन केले. वरच्या साहेबांशी बराच वेळ हो-नाही चाललं. अखेर आलेला निरोप असा होता, की गावाने तळाची हमी लेखी द्यावी, उद्या सकाळी स्वतः येऊन पाहतो, आणि ठीक वाटलं तर याच महिन्यात काम तिकडे सुरू करू. भूपेशने पिळलेला शर्ट झटकला आणि ओलाच अंगात घातला.

संघपालने टिप्परच्या बॉनेटवर कागद पसरला. बुधरामने आधी आपल्या जुन्या सहीवर आडवी रेघ मारली, मग खाली नवीन सही केली, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. संघपाल म्हणाला की एक साक्षीदार लागेल, पाण्याची माहिती असलेला.

सुखराम पाच-सहा पावलं मागे, चिंचेखाली उभा होता. बुधराम त्याच्यापाशी चालत गेला, त्याच्या हातात पेन दिलं आणि त्याला दंडाला धरून कागदाजवळ आणलं.

"लिहा," तो संघपालला म्हणाला. "हा माहा भाऊ. पानी याले माह्याहून जास्त समजते."